हौशी रोइंग क्लब कसा उभा राहतो? (धरण आहे, माणसं आहेत, बोट नाही)

धरणकाठ
नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्यापासून जवळच एक मध्यम आकाराचं धरण आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण अजून कुणाशीच अधिकृत बोलणं केलेलं नाही. सकाळी काठाकाठाने पळायला आणि सायकल दामटायला येणारा आमचा एक कंपू आहे. शिक्षक, मेडिकलवाले, एक बँकेतले, एक एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. २०१६ला दत्तू भोकनळ रिओ ऑलिंपिकला गेला तेव्हा या खेळाकडे आम्ही पहिल्यांदा नीट पाहिलं. तळेगाव रोही, तालुका चांदवड. म्हणजे आमच्यासारखाच टँकरच्या मुलखातला पोरगा. तेव्हापासून समोरचं एवढं पाणी नुसतं बघवत नाही.

थोडं वाचून काढलं. कलकत्ता रोइंग क्लब १८५८चा, कोलंबोचा १८६४चा, मद्रास बोट क्लब १८६७चा आणि पुण्याचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८चा. दहा वर्षांत चार क्लब! त्यानंतर आपण एवढी धरणं बांधली, पण तालुक्याच्या गावी साध्या हौशी लोकांनी चालवलेला क्लब माझ्या तरी पाहण्यात नाही.

तर प्रश्न असा, की हे जुने क्लब रुजले कसे, टिकले कशाच्या जोरावर, आणि आमच्यासारख्यांनी सुरुवात कुठून करावी? पोहता सगळ्यांना येतं. खिशाला किती चाट बसेल तेही सांगा.

टवाळ_तात्या
आधी क्लबला नाव द्या, कार्यकारिणी नेमा, मग दोन गट पाडा. बोट नंतर आली तरी चालते. (दिवे घ्या)

अनुस्वार
खूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

शिवाजीनगरकर
धागा पाहून राहवलं नाही. मी सीओईपीचा, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा. आमचा बोट क्लब १९२८पासूनचा. रेगाटा, म्हणजे आमचा वर्षातून एकदा होणारा होड्यांचा सोहळा, हे नाव पुण्यात बहुतेकांनी ऐकलेलं असतं. संध्याकाळी काठावर गर्दी, मग कयाक बॅले, शेल गेम्स, पंट फॉर्मेशन, अंधार पडल्यावर अ‍ॅरो फॉर्मेशन, मशाल डान्स. बघणाऱ्याला तो तमाशा वाटतो (चांगल्या अर्थाने), पण क्लब म्हणजे त्या एका संध्याकाळच्या आधीचं अख्खं वर्ष.

धागाकर्त्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: आमचा क्लब टिकला कारण तिथे दरवर्षी नवी पोरं येतात आणि त्यांना आदल्या वर्षीची पोरंच शिकवतात. पहिल्या वर्षी तुम्ही बोट उचलता, धुता, पुसता, शेडमध्ये ठेवता, आणि मधूनमधून वल्हवता. दुसऱ्या वर्षी शिकवता. तिसऱ्या-चौथ्या वर्षी प्रायोजक शोधत उन्हातान्हात फिरता. बाहेरून पगारी माणूस आणून सगळं त्याच्यावर सोपवलं असतं तर एक-दोन वर्षांत कुलूप लागलं असतं असं माझं मत.

वल्हवणं येण्याआधी दोन गोष्टी येतात. तळहाताला फोड आणि पाण्याचा वास. तो वास कसा, हे पुणेकरांना सांगायला नको.

टवाळ_तात्या
बोट क्लब रोडवर भावाचं ऑफिस होतं. फ्लॅटचे भाव ऐकले, बोट काही दिसली नाही.

शिवाजीनगरकर
तात्या, तो रस्ता ज्याच्यावरून ओळखला जातो तो क्लब नदीकाठीच आहे, रस्त्यावर बोट कशी दिसेल? आणि एक महत्त्वाची गोष्ट राहिलीच. पुण्यात हे शक्य झालं ते बंडगार्डनच्या बंधाऱ्यामुळे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून तो झाला, पुण्याला पाणी मिळावं म्हणून. पण बंधारा घातला की मागे पाणी तुंबतं, आणि त्या तुंबलेल्या संथ पाण्यावरच साहेबांनी होड्या घातल्या. नाहीतर मुळा-मुठेत उन्हाळ्यात काय, गुडघाभर पाणी. आधी बंधारा, मग क्लब.

तोच बंधारा आता जलपर्णीलाही राहायला जागा देतो. जानेवारी-फेब्रुवारीत हिरवा गालिचा सरकत येतो आणि सरावाआधी वाट मोकळी करणं हाच व्यायाम होऊन बसतो.

बालीगंजकर
पुणेकर अपेक्षेप्रमाणे पहिल्याच पानावर आले. :)

नोकरीनिमित्त कोलकात्यात बरीच वर्षं काढली म्हणून लिहितो. कलकत्ता रोइंग क्लब सुरुवातीला हुगळीवर होता. हुगळी म्हणजे भरती-ओहोटी, गाळ, स्टीमर, मालाचे पडाव. तिथे शेल, म्हणजे शर्यतीची अरुंद होडी, चालवणं हे धाडसच. पुढे गेल्या शतकाच्या विसाच्या दशकात शहराच्या दक्षिणेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने ढाकुरिया तळं खोदलं, ज्याला आज रवींद्र सरोवर म्हणतात. संथ पाणी मिळालं आणि एकाच तळ्याकाठी एकाहून अधिक क्लब उभे राहिले. शिवाजीनगरकरांचा बंधारा आणि हे तळं, मुद्दा एकच.

पण दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एकटा क्लब कंटाळून मरतो. मद्रास आणि कोलंबो यांच्या शर्यती १८९८ला सुरू झाल्या. १९३३ला पूर्वेकडच्या हौशी क्लबांची संघटना झाली, त्यात कोलकाता, मद्रास, कोलंबो, पुणे वगैरे. दरवर्षी कुणीतरी आपल्याला हरवायला येणार आहे हे माहीत असलं की माणूस पहाटे उठतो. अख्ख्या देशाची रोइंग फेडरेशन १९७६ची, म्हणजे क्लब आधी आणि फेडरेशन शंभर वर्षांनी.

तांडेल
सगळं वाचतोय. साहेब आला, बंधारा झाला, होडी आली. जणू त्याआधी इथे कुणी वल्हं हातात धरलंच नव्हतं.

आमच्याकडे नारळी पौर्णिमेला होड्यांच्या शर्यती लागतात, आजोबांच्या आधीपासून. घरची होडी, घरची पोरं, बक्षीस म्हणून ढाल आणि रात्री जेवण. त्याला कोणी क्लब म्हणत नाही, कारण त्याला इस्त्रीचा ब्लेझर नाही. धरणकाठ, तुम्ही दीडशे वर्षांत काही झालं नाही म्हणता ते तुमच्या मोजण्यातच आलं नाही म्हणून.

धरणकाठ
तांडेलभाऊ, बोचलं, पण बरोबर आहे. माझा प्रश्न शर्यतीच्या शेल होड्यांपुरता होता हे स्पष्ट लिहायला हवं होतं.

पुराव्यानिशी
तांडेल यांच्याशी अर्धा सहमत. होड्यांची शर्यत जुनीच, केरळात तर वल्लम कळीचं केवढं प्रस्थ. पण यंत्र म्हणून शेल ही वेगळीच चीज आहे. पारंपरिक शर्यतीत बहुतेक ठिकाणी माणूस पुढे तोंड करून पॅडल मारतो आणि ताकद खांद्या-पाठीची. इथे माणूस पाठमोरा बसतो, वल्हं होडीबाहेर काढलेल्या रिगर नावाच्या आधारात अडकवलेलं, आणि सीट रुळावरून मागेपुढे सरकते. त्यामुळे जोर मुख्यतः पायांचा. सरकती सीट ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या शर्यतीत १८७३ला आली. सिंगलचं, म्हणजे एकट्याच्या होडीचं, किमान वजन १४ किलो, आठजणांच्या एटचं ९६ किलो. सिंगल साधारण आठ मीटर लांब आणि माणसाच्या कमरेएवढी रुंद. वल्ही सोडलीत की उलटलीच.

मुद्दा हा, की असली होडी कोळीवाड्यात आपोआप जन्माला येणार नव्हती, कारण तिच्यात मासे भरता येत नाहीत.

तांडेल
शेवटचं वाक्य पटलं. =))

हॅमरस्मिथची_सून
लंडनहून लिहितेय, टेम्सच्या काठी हॅमरस्मिथला राहते. आमच्या रांगेत रोइंग क्लबच क्लब आहेत. त्यातल्या एकाची गोष्ट या धाग्यावर यायलाच हवी.

फर्निव्हल स्कलिंग क्लब (स्कलिंग म्हणजे दोन हातांत दोन वल्ही). १८९६ला सुरू झाला तेव्हा नाव होतं हॅमरस्मिथ स्कलिंग क्लब फॉर गर्ल्स. काढणारे डॉ. फ्रेडरिक फर्निव्हल, तेव्हा सत्तरी ओलांडलेले. जुन्या इंग्रजी ग्रंथांचे संपादक, आणि पुढे जो ऑक्सफर्डचा महाकोश झाला त्याचे सुरुवातीचे एक संपादक. या गृहस्थांना चहाच्या दुकानात राबणाऱ्या पोरींसाठी क्लब काढावासा वाटला. आठवडाभर ट्रे उचलायचे, रविवारी म्हातारबुवांबरोबर नदीवर. पुरुषांना प्रवेश १९०१ला दिला! उलटा कारभार. फर्निव्हल १९१०ला गेले, क्लब अजून आहे, त्यांच्या नावाने.

त्याच काळात इतर क्लबांत काय चाललं होतं ते बघा. हेन्ली रेगाटा ही टेम्सवरची मानाची रोइंग स्पर्धा, तिच्या कारभाऱ्यांनी १८७९ला हौशी कोण याचा नियम केला. पैशासाठी शर्यत मारणारा नाही हे ठीक, पण जो हाताने काम करतो, कारागीर, मजूर, तोही हौशी नाही! का, तर हातांना कामाची सवय म्हणजे गैरफायदा. १८९०ला या नियमाला वैतागलेल्यांनी वेगळी राष्ट्रीय संघटना काढली, फर्निव्हल तिच्या बाजूचे. दोन संघटना एक व्हायला १९५६ उजाडलं.

आपल्याकडे क्लब का पसरले नाहीत याचं अर्धं उत्तर मला यात दिसतं. ज्या लोकांनी हा खेळ भारतात आणला ते हा नियम डोक्यात घेऊनच आले होते. आपल्याच देशातला गवंडी त्यांना होडीत नको होता, मग इथला कोण हवा असणार?

गोळेकाकू
सूनबाई, किती छान लिहिलंस गं! चहावाल्या पोरींचा क्लब हे वाचून सकाळ चांगली गेली.

सायकलपंक्चर
गवंड्यावरून आठवलं. अमेरिकेचा जॅक केली, विटा रचणारा म्हणून हेन्लीने १९२०ला परत पाठवला. त्याने त्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला सुवर्ण मारलं. पुढे पोराने हेन्लीची तीच स्पर्धा जिंकली. आणि पोरगी म्हणजे सिनेनटी ग्रेस केली, पुढे लग्नानंतर मोनॅकोची प्रिन्सेस. यावर सिनेमा कसा नाही?

पुराव्यानिशी
गोष्ट फक्कड आहे पण पुरती नाही. केलीच्या व्हेस्पर क्लबवर हेन्लीने आधीच बंदी घातली होती, कारण १९०५च्या त्यांच्या दौऱ्याचा खर्च लोकवर्गणीतून झाला होता आणि ते हौशीपणात बसत नव्हतं. १९२०ला केलीचा अर्ज फेटाळताना ते कारणही होतं आणि हाताने काम केल्याचंही. नियम खऱ्या अर्थाने हलला तो १९३६ला ऑस्ट्रेलियाच्या ऑलिंपिक एटला नाकारल्यावर. ते सगळे पोलीस होते! पुढच्या वर्षी हेन्लीने ते कलम काढलं.

टवाळ_तात्या
लोकवर्गणी काढली म्हणून बंदी? आमच्या गल्लीतलं गणेश मंडळ त्या हिशेबाने ऑलिंपिकमधून कायमचं बाद.

बँकेतला_बंड्या
सूनबाईंच्या मुद्द्याला थोडा विरोध. नियम गेले, साहेब गेला, क्लब सगळ्यांना खुले झाले, त्यालाही आता पाऊण शतक झालं. तरी पसरले नाहीत ते पैशामुळे. क्रिकेटला फळी आणि चेंडू पुरतो. इथे परदेशी बनावटीची नवी एट घ्यायची तर चांगल्या चारचाकीचे पैसे जातात, ती ठेवायला सतरा-अठरा मीटर लांब शेड लागते आणि हलवायला खास ट्रेलर. जातीपातीपेक्षा शेडची लांबी हा मोठा अडसर आहे.

हॅमरस्मिथची_सून
बंड्या, शेडची जागा कुणाला मिळते हाच तर माझा मुद्दा. :)

गोळेकाकू
माझा भाबडा प्रश्न. आमच्या सोसायटीच्या जिममध्ये वल्ही मारायचं मशीन आहे. त्यावर सगळे टॉवेल वाळत घालतात. ते खरं रोइंगच असतं का? मी दहा मिनिटं केलं तर दुसऱ्या दिवशी जिना उतरवेना.

पुराव्यानिशी
काकू, पाय दुखले म्हणजे बरोबर केलंत. हात दुखले असते तर चुकलं म्हटलं असतं. त्याला अर्गो म्हणतात. आज जे जगभर दिसतं त्याची सुरुवात १९८१ला अमेरिकेत व्हर्माँटमध्ये दोन भावांनी केली. आधी ते वल्ही बनवायचे. मग सायकलचं चाक घेतलं, त्याला हवा अडवायला पाती लावली, साखळी आणि हँडल जोडलं आणि सरकती सीट. झालं मशीन. तंत्राची ऐंशी टक्के ओळख यावर होते असं लोक म्हणतात, मला ते जरा जास्त वाटतं, कारण मशीन उलटत नाही.

धरणकाठ
सायकलचं चाक? आमच्या मेकॅनिक काकांना दाखवतो. ते म्हणतील पुढच्या रविवारपर्यंत करून देतो.

टवाळ_तात्या
टॉवेल वाळत घालायची सोय तेवढी ठेवा म्हणावं.

फौजी_काका
जय हिंद. पैसा आणि साहेब हे दोन्ही मुद्दे ठीक, पण स्वातंत्र्यानंतर हा खेळ खरा कुणी वाढवला तर फौजेने, हे कुणी लिहिलं नाही. पुण्यात दापोडीला सीएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, आर्मी रोइंग नोड हे फौजेचं रोइंगचं प्रशिक्षण केंद्र आहे, शर्यतीला लागणारं २००० मीटर सरळ पाणी तिथे आहे. ऑलिंपिकला २०००ला सिडनीला भारताची पहिली जोडी गेली, तेव्हापासून आजवरच्या बहुतेकांची नावं काढा, आधी सैनिक, मग रोवर. बजरंगलाल ताखर यांचं २०१०चं आशियाई सुवर्ण हे या खेळातलं भारताचं पहिलं.

दत्तूचंच बघा. वडिलांबरोबर विहिरी खोदायची कामं केली, २०११ला वडील गेले, २०१२ला फौजेत भरती. उंची आणि दम बघून रोइंगला घेतलं. चार वर्षांत ऑलिंपिक, तेरावा नंबर. २०१८च्या आशियाई स्पर्धांत पालेम्बांगला एकेरीच्या अंतिम शर्यतीत शेवटचा आला आणि दुसऱ्याच दिवशी चौघांच्या क्वाडमध्ये सुवर्ण. हेन्लीच्या जुन्या नियमाने याला होडीजवळसुद्धा येऊ दिलं नसतं, विहीर खोदणारे हात म्हणून.

पण फौजेचा नोड म्हणजे क्लब नव्हे. आम्ही पोरगा निवडतो, क्लबात जो येईल त्याला घ्यायचं असतं. धरणकाठचा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे, त्याला आमच्याकडून तंत्र घेता येईल, रचना नाही.

नव्वदची_बॅच
फौजी काकांना सॅल्यूट. मुलींबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून: ऑलिंपिकमध्ये बायकांचं रोइंग १९७६ला आलं, तेही १००० मीटर. ऑलिंपिकमध्ये २००० व्हायला आणखी बारा वर्षं. आपल्याकडे ओडिशाच्या प्रतिमा पुहाण आणि प्रमिला मिंझ यांनी २०१०ला आशियाई ब्राँझ आणलं. धरणकाठ, तुमच्या कंपूत शिक्षक, मेडिकलवाले, बँकवाले, मेकॅनिक, सगळे पुरुषच दिसतात. बायका सकाळी धरणावर येत नाहीत की तुम्ही बोलावलं नाही?

धरणकाठ
येतात, चालायला येतात, पलीकडच्या बाजूने. बोलावलं नाही हे खरं. विचारतो.

अनुस्वार
धागा वर काढतोय. मूळ प्रश्न बाजूलाच राहिला आणि आपण हेन्लीला पोचलो.

सेवानिवृत्त_शाखा_अभियंता
पाटबंधारे खात्यात हयात गेली, म्हणून मूळ प्रश्नाला उत्तर देतो. बोट कुठली घ्यायची हे शेवटी ठरवा. आधी पाणी समजून घ्या.

आपलं धरण म्हणजे रवींद्र सरोवर नाही. ऑक्टोबरात काठोकाठ असलेलं पाणी मे महिन्यात कुठल्या कुठे सरकतं. आज जिथे धक्का बांधाल तिथे उन्हाळ्यात शेळ्या चरतील. त्यामुळे पक्का धक्का नको. पिंपांवर तरंगणारा, ओढून नेता येईल असा करा. शेड पूर्ण संचय पातळीच्या वर, आणि तिथून पाण्यापर्यंत होडी खांद्यावर न्यायची तयारी ठेवा. जून जवळ येईल तसं ते अंतर वाढतच जाईल.

दुसरं, बुडीत क्षेत्र. तळाशी जुन्या गावाच्या भिंती असतात, विहिरींचे कठडे असतात, बाभळीचे बुंधे असतात. पाणी भरलेलं असताना दिसत नाहीत, उतरायला लागलं की नेमके वीतभर खाली येतात. शेलच्या खाली छोटं पातं असतं, ते आणि तळ दोन्ही फाटतील. गावातल्या जुन्या माणसाला बरोबर घेऊन उन्हाळ्यात एकदा सगळा काठ पायी फिरा आणि नकाशा काढा.

तिसरं आणि सगळ्यात मोठं: मच्छीमार सहकारी संस्था. जलाशयाच्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडे असतो. संध्याकाळी जाळी लावतात, सकाळी काढतात, आणि तुमची वेळ नेमकी तीच. तुमचं वल्हं एकदा त्यांच्या जाळ्यात अडकलं की क्लब तिथेच संपला. खात्याचा परवाना लागेलच, तो रीतसर घ्या, पण त्याआधी त्यांच्याकडे जाऊन बसा. अर्ज घेऊन नाही, नुसते जा.

वारा: दुपारनंतर धरणावर वारा सुटतो तो भिंतीकडे लाटा ढकलतो. सूर्योदयानंतरचे दोन तास सोडले तर अरुंद होडी घालू नका. आणि सांडवा, विमोचक (धरणातून पाणी सोडायची दारं) यांच्या आसपास जायचंच नाही. भिंतीपासून किती लांब राहायचं ते खात्याकडून लेखी घ्या.

तांडेल
काकांनी पोटातलं लिहिलं. मच्छीमार संस्थेतल्याच दोन पोरांना क्लबात घ्या. पाण्यात काही झालं तर तीच पहिली पोचतील.

बालीगंजकर
तांडेलांच्या या ओळीला जोडून, जरा गंभीर. मे २०२२मध्ये रवींद्र सरोवरावर सराव करताना कालबैसाखीचं वादळ आलं आणि दोन शाळकरी मुलं दगावली. शहराच्या मधोमध, क्लबच्या डोळ्यांसमोर. त्यानंतर काही काळ रोइंगच बंद होतं. तेव्हा सोबत चालणारी बचावाची होडी हा नंतरचा खर्च नाही, पहिला खर्च आहे. आभाळ बघून सराव रद्द करण्याचा अधिकार एकाच माणसाला द्या आणि त्याच्याशी वाद घालायचा नाही असा नियम करा. एप्रिल-मेतला वळीव तुमच्याकडेही सांगून येत नाही.

पुराव्यानिशी
दोन छोट्या गोष्टी, स्वस्त आणि अनिवार्य. होडीच्या टोकाला पांढरा रबरी गोळा हवाच, कारण सगळे पाठमोरे असतात आणि ते टोक माणसाच्या पाठीत घुसू शकतं. आणि होडीत बसवलेल्या बुटांच्या टाचांना दोरी बांधलेली हवी, म्हणजे उलटल्यावर पाय आपोआप निघतो. जुनी होडी विकत घेताना आधी हे दोन बघा, रंग नंतर.

शिवाजीनगरकर
बोटीबद्दल: थेट शर्यतीच्या सिंगलवर जाऊ नका. रुंद बुडाची शिकाऊ होडी घ्या, किंवा समुद्रकाठच्या रोइंगची, जी आणखी रुंद असते आणि आत आलेलं पाणी मागून निघून जातं. धरणाच्या लाटांना तीच बरी. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा किनाऱ्यावरचा प्रकारही आलाय, बीच स्प्रिंट. मालवण-वेंगुर्ल्याच्या पोरांनी तर इकडे बघावंच. तांडेल, ऐकताय ना?

सेकंडहँडसाठी जुन्या क्लबांना पत्र टाका. स्पर्धेतून बाद झालेली होडी शिकायला पुष्कळ चालते.

तांडेल
ऐकतोय. बीच स्प्रिंटमध्ये ब्लेझर लागतो का?

नव्वदची_बॅच
नाही, त्यात वाळूवर पळत येऊन होडीत उडी मारायची आणि परत येऊन पुन्हा पळायचं. तुमच्या नारळी पौर्णिमेच्या जवळचं आहे.

बँकेतला_बंड्या
पैशाचं: सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवा, खातं संस्थेच्या नावाने. होडी कुणा एकाच्या नावावर घेऊ नका, भांडण झालं की होडी त्याच्या अंगणात जाते. (तात्यांचे दोन गट विसरू नका.) वर्गणी महिन्याला ठेवा, वर्षाची एकदम मागितली की लोक पळतात.

धरणकाठ
सगळ्यांचे आभार. काल आम्ही दोघं मच्छीमार संस्थेच्या चेअरमनकडे जाऊन आलो. नुसतेच गेलो, अभियंता काकांनी सांगितल्यासारखे. चहा झाला. त्यांनी विचारलं, तुमची होडी किती माणसं नेते? म्हटलं, एक. ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, पूर्वेकडच्या खाडीत आम्ही जाळी लावत नाही, तिथे बाभळीचे बुंधे फार आहेत.

आता बुंध्यांचं काय करायचं? काढता येतात का, की जागाच दुसरी शोधावी?

सेवानिवृत्त_शाखा_अभियंता
पाणी उतरल्यावर कापता येतात. पण परस्पर हात लावू नका, खात्याची परवानगी लागेल आणि वन खात्याचीही विचारपूस करावी लागेल. खाडीचा फोटो आणि साधारण लांबी इथे टाका. सरळ पाचशे मीटर जरी मोकळं मिळालं तरी शिकायला भरपूर झालं.

टवाळ_तात्या
चेअरमनना सल्लागार मंडळात घ्या. आणि नाव ठरलं का क्लबचं?

धरणकाठ
नाव नाही ठरलं तात्या, पण दोन गट पडलेत. एकाला सिंगल हवी, दुसऱ्याला डबल. फोटो रविवारी टाकतो.